रंगाच्या कारखान्यातला साक्षीदार

रंगाच्या कारखान्यात दर आठवड्याला एक अहवाल लिहावा लागतो. कोणत्या बॅचमध्ये काय घातलं, कोणती बॅच बिघडली, कशामुळे बिघडली, ती वाचवायला काय केलं. हा अहवाल वरचे साहेब वाचतात आणि मिक्सरपाशी उभा असलेला ऑपरेटरही वाचतो, म्हणून तो दोघांनाही कळायला हवा. त्यात विशेषणांना जागा नसते. माझी सगळी नोकरी अशा एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये झाली. त्यामुळे प्रीमो लेवी या इटालियन लेखकाचं एक म्हणणं वाचताना मी थबकले. 1986 मध्ये अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ त्यांना भेटायला तुरीनला गेले होते. लेवींनी त्यांना सांगितलं, की ऑशविट्झच्या नाझी छळछावणीवरचं पहिलं पुस्तक लिहिताना त्यांच्यासमोर नमुना होता तो कारखान्यातल्या साप्ताहिक अहवालाचा. नेमका, थोडक्यात आणि खालपासून वरपर्यंत सगळ्यांना समजेल असा.

छळछावणीतून वाचून आलेल्या ज्यू लेखकांची पुस्तकं सुचवली, की माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणतात, 'नको, सोसवणार नाही.' त्यांची भीती मला समजते. पण लेवी वाचकाला रडवायला बसलेले नाहीत. जे झालं ते मोजून, तोलून, नावानिशी सांगायला बसले आहेत. त्यांच्या पुस्तकांचं बळ या मोजण्यातच आहे आणि मेलेल्यांचा आदरही त्यांनी तसाच केला, असं मला मनापासून वाटतं. आकडा फुगवला किंवा प्रसंग रंगवला, की उलटतपासणी घेणाऱ्याला आयतं हत्यार मिळतं. लेवींनी ते कुणाच्या हाती लागू दिलं नाही.

त्यांचा जन्म 31 जुलै 1919 चा, तुरीनमधला. कोर्सो रे उंबेर्तो या रस्त्यावरच्या ज्या घरात जन्मले, जवळजवळ सगळं आयुष्य त्याच घरात राहिले. घरचं वातावरण पुस्तकांचं, धर्माचं प्रस्थ बेताचंच. 1938 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध वंशाचे कायदे केले तेव्हा ते विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होते. आधीच प्रवेश झालेला असल्याने पदवी पुरी करता आली. 1941 मध्ये सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले, पण प्रमाणपत्रावर 'ज्यू वंशाचा' अशी नोंद. त्या नोंदीनंतर उघडपणे नोकरी मिळणं अवघड होतं. खाणीच्या दगडातून निकेल काढता येईल का हे तपासण्यासारखी कामं त्यांनी केली. 1943 च्या शरद ऋतूत ते आल्प्समधल्या एका लहानशा बंडखोर तुकडीत सामील झाले आणि 13 डिसेंबरला पकडले गेले. चौकशीत त्यांनी आपण ज्यू असल्याचं सांगितलं. मग मोदेनाजवळची फोस्सोलीची छावणी, आणि 22 फेब्रुवारी 1944 ला तिथून निघालेली मालगाडी.

इथपासून लेवींचे आकडे सुरू होतात. गाडीत 650 माणसं होती. ऑशविट्झच्या फलाटावर काही मिनिटांत निवड झाली. 96 पुरुष आणि 29 बायका कामासाठी बाजूला काढल्या. उरलेली पाचशेहून जास्त माणसं, म्हातारे, आया, मुलं, दोन दिवसांनी जिवंत नव्हती. लेवींच्या डब्यात 45 जण होते, त्यांतले चार घरी परतले, आणि सगळ्या गाडीत हाच डबा सर्वांत नशीबवान ठरला. हे सांगताना लेवी आवाज चढवत नाहीत. पुढच्या वाक्यात लगेच दुसऱ्या गोष्टीकडे वळतात, आणि वाचणारा मात्र त्या चारांपाशी अडकून राहतो.

त्यांच्या हातावर 174517 हा क्रमांक गोंदवला गेला. छावणी मोनोविट्झची, ऑशविट्झच्या मुख्य छावणीपासून थोडी दूर. शेजारी आयजी फार्बेन या जर्मन रसायन उद्योगाचा अवाढव्य कारखाना उभा राहत होता. तिथे कृत्रिम रबर तयार व्हायचं होतं, आणि त्यासाठी कैदी सिमेंट वाहत होते, रूळ उचलत होते, मरत होते. त्या कारखान्यातून कृत्रिम रबर कधीच बाहेर पडलं नाही. आयुष्यभर कारखान्यात वावरलेल्या माणसाला ही गोष्ट लवकर पचत नाही.

छावणीत सूप मिळे, चमचा मिळत नसे. तो चोरून किंवा पावाच्या मोबदल्यात मिळवायचा, नाहीतर सूप जनावरासारखं तोंड घालून प्यायचं. पुढे छावणी मोकळी झाली तेव्हा तिथल्या कोठारात हजारो कोरे चमचे सापडले, शिवाय गाड्यांतून आणलेल्यांच्या सामानातून काढून घेतलेले ॲल्युमिनियमचे, पोलादाचे, चांदीचेसुद्धा. म्हणजे टंचाई नव्हती, माणसाला खाली वाकवायचं होतं. एवढी साधी वस्तू लेवींनी चाळीसएक वर्षांनी पुन्हा उचलून तपासली आणि छावणीचं अख्खं तत्त्व तिच्यातून वाचून दाखवलं.

एक प्रसंग मी माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा म्हणेन. कारखान्याच्या प्रयोगशाळेला मदतनीस हवे होते, म्हणून कैद्यांची रसायनशास्त्राची परीक्षा ठेवली. समोर टेबलामागे डॉक्टर पानविट्झ. लेवी भुकेने खंगलेले, कपडे चिखलाने माखलेले, आणि पदवीसाठी केलेल्या कामाबद्दल जर्मनमध्ये प्रश्न. हळूहळू सगळं आठवू लागतं, परावैद्युत स्थिरांकांची मापनं तोंडातून बाहेर येऊ लागतात. तो ओळखीचा परीक्षेचा ताप अंगात चढतो. परीक्षा संपल्यावर ॲलेक्स नावाचा कैद्यांवरचा मुकादम त्यांना परत घेऊन निघतो. वाटेत एका पोलादी दोराला धरताना त्याचा हात ग्रीसने काळा होतो. तो हात तो लेवींच्या खांद्याला पुसतो, आधी तळवा, मग उलटी बाजू. रागाने नाही, खिजवायला नाही. समोर पुसायला काहीतरी होतं म्हणून पुसला. लेवी लिहितात, की या एका कृतीवरून मी त्याचा न्याय करतो, पानविट्झचा करतो आणि त्यांच्यासारख्या लहानमोठ्या असंख्यांचा करतो.

प्रयोगशाळेतली ती जागा मिळाली आणि 1944-45 च्या थंडीत छपराखाली बसता आलं. तिथून त्यांनी सेरियमच्या कांड्या चोरल्या, लायटरमध्ये ठिणगी पाडायला वापरतात त्या मिश्रधातूच्या. अल्बेर्तो हा त्यांचा जिवाभावाचा मित्र. दोघे रात्री पांघरुणाखाली चाकूने त्या कांड्या तासत बसत. ठिणगी उडून गाद्या पेटल्या असत्या तर संपलंच होतं. 40 कांड्या, प्रत्येकीचे तीन तुकडे, म्हणजे 120. एका तुकड्याला एका दिवसाचा पाव. म्हणजे दोघांना दोन-दोन महिने, आणि तोवर रशियन फौजा येतील. हा हिशेब लेवींनी पुस्तकात जसाच्या तसा मांडला आहे. फौजा आल्या, पण जानेवारी 1945 मध्ये जर्मनांनी चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून हाकत नेलं त्यात अल्बेर्तो होता आणि तो परतला नाही. लेवींना स्कार्लेट फीव्हर झाला होता, म्हणून त्यांना मरायला मागे सोडलं, आणि म्हणूनच ते वाचले.

त्यांना वाचवणाऱ्या एकाचं नाव घ्यायलाच हवं. लोरेन्झो पेरोने, इटलीतल्या फोस्सानो गावचा गवंडी. तो कैदी नव्हता, मजुरीवर आलेला. सहा महिने रोज त्याने आपल्या वाट्यातलं सूप लेवींना आणून दिलं, बदल्यात काहीही मागितलं नाही. युद्धानंतर मात्र तो पाहिलेल्या गोष्टींच्या ओझ्याखाली दारूत बुडाला आणि 1952 मध्ये वारला. लेवींनी मुलीच्या नावात लोरेन्झा घातलं, मुलाचं नाव रेन्झो ठेवलं.

19 ऑक्टोबर 1945 ला लेवी घरी पोहोचले, बेलारूस, युक्रेन, रुमानिया, हंगेरी असा भलामोठा वळसा घेऊन. दोन-तीन महिन्यांतच तुरीनबाहेर आविल्याना इथल्या रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि तिथेच त्यांनी पुस्तक लिहिलं. आगगाडीत, जेवणाच्या सुट्टीत, रात्री कारखान्याच्या आवारातल्या खोलीत. पुस्तकाचा शेवटचा भाग, छावणीतल्या अखेरच्या दहा दिवसांचा, त्यांनी सर्वांत आधी लिहिला. ज्या गोष्टी आतून सर्वांत जोरात धक्के देत होत्या त्या आधी कागदावर आल्या.

त्याच महिन्यांतला एक किस्सा 'आवर्त सारणी' या त्यांच्या 1975 च्या पुस्तकात क्रोमियमच्या प्रकरणात आहे. कारखान्याच्या आवारात नारिंगी, थलथलीत ठोकळ्यांचा ढीग पडला होता. गंजरोधक रंग डब्यातच गोठून गेला होता. कारण शोधायचं काम या नव्या केमिस्टवर आलं. त्यांनी जुन्या तपासणीच्या नोंदी काढल्या. आलेल्या क्रोमेटचे आकडे एका विशिष्ट काळापासून ओळीने तंतोतंत सारखे! क्वालिटी कंट्रोलमधल्या कुणालाही विचारा, सलग सारखे आकडे दिसले की आधी तपासणीवर संशय घ्यायचा. चाचणीच्या जुन्या कार्डावर एका द्रावणाचे '2 किंवा 3 थेंब' घाला असं होतं. इटालियनमध्ये 'किंवा' म्हणजे एकच अक्षर. ते पुसट झालेलं, नव्या कार्डावर नक्कल करणाऱ्याच्या नजरेतून सुटलं, आणि सूचना झाली '23 थेंब'. एवढ्या द्रावणात खराब मालसुद्धा उत्तम ठरत होता. लेवींनी अमोनियम क्लोराइड घालून तो रंग पुन्हा पातळ केला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांना कळलं, की चांगला क्रोमेट येऊ लागल्यावरही तिथे त्या रंगात अमोनियम क्लोराइड घालतच आहेत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवसा हा माणूस गोठलेल्या रंगाचं कारण कार्डामागे कार्ड लावून शोधत होता आणि रात्री त्याच डोक्याने छावणीबद्दल लिहीत होता. काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, कुणाच्या हातून घडलं. ही दोन कामं मला वेगळी काढता येत नाहीत.

पुस्तक त्यांनी तुरीनमधल्या नामांकित एइनाउदी प्रकाशनाकडे दिलं. नकार आला. तो कळवणाऱ्या लेखिका नतालिया गिन्झबुर्ग स्वतः ज्यू, आणि त्यांचे पती लेओने रोमच्या तुरुंगात छळाने मेलेले. म्हणजे नकार देणारी माणसं निष्ठुर नव्हती. युद्ध नुकतं संपलं होतं, लोकांना पुढे बघायचं होतं. शेवटी दे सिल्वा या छोट्या प्रकाशनाने 1947 मध्ये 2500 प्रती काढल्या. न खपलेल्या प्रती फ्लोरेन्सच्या एका गोदामात गेल्या आणि 1966 च्या महापुरात भिजून संपल्या. तोवर 1958 मध्ये त्याच एइनाउदीने नवी आवृत्ती काढली होती, आणि मग पुस्तक जगभर गेलं.

वाचलेली माणसं बराच काळ गप्प राहिली असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ती बोलत होती, लिहीतही होती. पोलंडमध्ये ज्यूंच्या इतिहास आयोगाने 1944 पासूनच जबान्या गोळा करायला घेतल्या आणि काही वर्षांत हजारो जमवल्या. लियाना मिल्लू या इटालियन ज्यू लेखिकेचं बिर्केनाऊ या ऑशविट्झच्याच दुसऱ्या छावणीतल्या बायकांवरचं पुस्तक लेवींच्या पुस्तकाच्याच वर्षी, 1947 मध्ये आलं. दूर अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेसमध्ये पोलंडच्या ज्यूंच्या आठवणींची यिडिश माला 1946 पासून निघू लागली आणि तिची 175 पुस्तकं झाली. एली वीझेल यांच्या आठवणी 1956 मध्ये आधी त्याच मालेत यिडिशमधून आल्या. त्या आटवून केलेलं फ्रेंच पुस्तक 1958 मध्ये निघालं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने ते हाती घेतलं. कमतरता ऐकणाऱ्यांची होती. छावणीत लेवींना वारंवार एक स्वप्न पडे: आपण घरी आलो आहोत, सगळं सांगतो आहोत, आणि कुणी ऐकतच नाही, बहीण तर उठून निघून जाते. इतर कैद्यांनाही तेच स्वप्न पडत होतं.

वीझेलही मोनोविट्झलाच होते, वडिलांबरोबर, ऐन पोरवयात. व्हिएन्नाचे जाँ अमेरीही तिथलेच. एकाच छावणीतून तीन लेखक आले आणि तिघांचं सांगणं तीन तऱ्हेचं. वीझेल देवाशी भांडतात. अमेरी 1966 च्या आपल्या निबंधांत म्हणतात, की छावणीत बुद्धिवंताला त्याची संस्कृती कामी आली नाही, उलट तो अधिक उघडा पडला. लेवींनी शेवटच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण अमेरींशी वाद घालायला दिलं आहे. सूपचं पिंप आणायला जाताना जाँ सामुएल या तरुण फ्रेंच कैद्याला त्यांनी दान्तेच्या काव्यातला युलिसिसचा सर्ग आठवून आठवून सांगितला होता. विसरलेल्या ओळी परत मिळाल्या असत्या तर त्या दिवशीचं सूप देऊन टाकलं असतं असं ते म्हणतात, आणि भुकेल्या माणसाच्या तोंडी याचा अर्थ काय ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी या वादात लेवींच्या बाजूची आहे, पण अमेरी वाचल्याशिवाय ती बाजू घेऊ नये.

1961 मध्ये लेवींचं पुस्तक जर्मनमध्ये आलं. भाषांतरकार हाइन्झ रीट यांच्याशी त्यांनी ओळ न् ओळ पत्रव्यवहार केला, कारण छावणीत कानावर पडलेली ओबडधोबड जर्मन त्यांना तशीच हवी होती. पुस्तक खरं तर याच वाचकांपर्यंत जायचं होतं असं त्यांना वाटे. जर्मनीतून पत्रं येऊ लागली आणि ते उत्तरं देत राहिले. पुढे त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातच एक पत्र आलं. युद्धानंतर बहुतेक सगळं नोकरीचं आयुष्य त्यांनी तुरीनजवळच्या सेत्तिमोतल्या एका रंग-व्हार्निशच्या कारखान्यात काढलं, आधी केमिस्ट म्हणून, नंतर व्यवस्थापक म्हणून. तिथे जर्मनीहून आलेल्या रेझिनच्या एका खेपेचं व्हार्निश वाळत नव्हतं. तक्रारीला आलेल्या उत्तरात उपाय होता व्हॅनेडियम नॅफ्थेनेटचा, आणि शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक ठरावीक चूक. मोनोविट्झच्या प्रयोगशाळेतला एक डॉक्टर अशीच चूक करत असे. 'आवर्त सारणी'त लेवी त्याला म्युलर म्हणतात. ते खरं नाव नव्हे, आणि तपशीलही त्यांनी थोडे बदलले आहेत.

म्युलर क्रूर नव्हता. छावणीत त्याने लेवींना 'तुम्ही' म्हटलं होतं, चामड्याचे बूट मिळवून दिले होते. आणि त्यानेच एकदा विचारलं होतं, की तुम्ही एवढे बेचैन का दिसता. प्रेतं जाळणाऱ्या भट्ट्यांच्या ज्वाळा दिसत असताना! लेवींनी त्याला पुस्तक पाठवलं. त्याने उत्तरात पश्चात्तापही लिहिला आणि स्वतःची सोयीस्कर समजूतही. त्याला भेट हवी होती. लेवींना त्याला क्षमाही करता येत नव्हती आणि राक्षसही ठरवता येत नव्हतं. भेट ठरली, पण आठवडाभरात त्याच्या मृत्यूची बातमी आली. असा ना काळा ना पांढरा प्रदेश लेवींना सर्वांत महत्त्वाचा वाटत असे. 1986 च्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी त्याला 'करडा प्रदेश' म्हटलं आणि त्यात कैद्यांमधल्या मुकादमांनाही बसवलं. त्यांचा न्याय करण्याची घाई करू नका, असं त्यांनी बजावलं. स्वतःबद्दलही ते कठोर होते. आम्ही वाचलेले खरे साक्षीदार नाही, जे तळाला गेले तेच खरे साक्षीदार, आणि ते सांगायला परतले नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

11 एप्रिल 1987 ला त्याच जुन्या घरात, जिन्याच्या पोकळीत तिसऱ्या मजल्यावरून पडून लेवी गेले. बहुतेकांनी ती आत्महत्या मानली, काहींना तो अपघात वाटतो. या एका गोष्टीवरून त्यांची पुस्तकं उलटी वाचत जाणं मला अन्यायाचं वाटतं. त्या पुस्तकांत हसू आहे, कुतूहल आहे, हातातल्या कामाचं प्रेम आहे.

मुलांसमोर ते अनेकदा बोलले. शाळांमधून तेच ते प्रश्न येत, म्हणून 1976 मध्ये शालेय आवृत्तीला त्यांनी त्यांची उत्तरं जोडली. मुलं हमखास विचारत, 'तुम्ही पळून का नाही गेलात?' पाचवीतल्या एका मुलाने तर त्यांच्याकडून फळ्यावर छावणीचा नकाशा काढून घेतला, नीट पाहिला आणि योजनाच सांगितली: रात्री पहारेकऱ्याला मारायचं, त्याचे कपडे चढवायचे, वीज बंद करायची आणि निघायचं. पुन्हा असं झालं तर मी सांगतो तसं करा, म्हणजे जमेल, असंही तो म्हणाला. लेवींनी त्याला हसण्यावारी नेलं नाही. जे घडलं आणि लोकांच्या मनात त्याचं जे चित्र आहे त्यांतलं अंतर वर्षागणिक वाढतंय, हे त्यांना त्या मुलाच्या उत्साहात दिसलं. मग त्यांनी सविस्तर लिहिलं, की मुंडण केलेलं डोकं, लाकडी तळव्यांचे बूट, हातावरचा क्रमांक, भुकेने गेलेली ताकद, अनोळखी भाषेचा मुलूख, आणि एक जण पळाला तर त्याच्या सोबत्यांना मिळणारी शिक्षा, एवढं सगळं घेऊन माणूस कुठे जाणार होता. तरीही पळालेल्या एकीची हकिगत त्यांनी तिथेच सांगितली आहे. माला झिमेटबाऊम, बिर्केनाऊमधली कैदी, 1944 च्या उन्हाळ्यात एका पोलिश कैद्याबरोबर निसटली, पकडली गेली, आणि फाशीच्या जागी सगळ्यांसमोर तिने स्वतःची नस कापली. तिला अडवायला आलेल्या पहारेकऱ्याच्या थोबाडीत तिने त्याच रक्ताळलेल्या हाताने मारली.